वाढलेलं वजन पाण्याचं होतं

न्यूट्रिशन सेंटरवाल्या सुधाकर सरांनी मला फसवलं. कित्येक महिने माझ्या पायांत पाणी भरत होतं, ते त्यांनी मला मांस म्हणून दाखवलं आणि मी ते मांस म्हणून घेतलं. मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी आहे. तीस वर्षं जनावराच्या पाठीवर हात फिरवून सांगत आलोय, मांस किती, हाडं किती आणि पोटात भरलेलं पाणी किती. अशा माणसाला त्यांनी पाणी विकलं. याचा राग मला अजून आहे आणि तो मी लपवणार नाही.

हे मला कळलं जालन्याच्या एका दवाखान्यात, सकाळी साडेअकराच्या सुमारास. पोटाच्या विकारांच्या डॉक्टर मॅडमनी मला पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली. त्यांनी नडगीच्या हाडावर अंगठा ठेवला, दाबला आणि मनातल्या मनात काहीतरी मोजत थांबल्या. अंगठा उचलला तेव्हा तिथे खड्डा राहिला होता, मळलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा. मॅडम, मी आणि माझी बायको कौसल्या, आम्ही तिघं त्या खड्ड्याकडे बघत होतो. तो भरून येईना.

"काका, वजन वाढलं म्हणालात ना? हे ते वजन," मॅडम म्हणाल्या. "हे मांस नाही, पाणी आहे."

याला इडीमा म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे सूज. आपल्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं एक प्रोटीन असतं. ते रक्तातलं पाणी नळीच्या आत धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी पाझरून बाहेर पडतं आणि पायात उतरतं. माझं अल्ब्युमिन खूप खाली गेलं असणार, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, शक्यच नाही, पाच महिने मी रोज दोन वेळा प्रोटीन पावडर घेतोय, वर चार अंडी, डाळ, मटणाचा रस्सा. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही खाताय हो. अंगाला लागत नाही. का लागत नाही ते शोधायचंय."

बाजारात ही चाल मी स्वतः हजार वेळा पकडलेली आहे. वजनावर विकायची शेळी असली की काही लोक तिला मीठ चारतात आणि काट्यावर चढवायच्या आधी पोटभर पाणी पाजतात. शेळी दोन किलो जास्त भरते. मी बरगडीमागे बोटं घालून चाचपतो आणि विकणाऱ्याच्या तोंडावर सांगतो, पाणी तू ठेव, शेळी मला दे. आणि इथे मी स्वतःच काट्यावर उभा राहून टाळ्या घेत होतो.

आता सुरुवातीपासून सांगतो. तुमच्या घरात कोणाला असं होत असेल तर लाज बाजूला ठेवून वाचा. लाजेनेच माझं अर्धं नुकसान केलं.

पहिली खूण संडासात होती. चिकट, फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी. दोन बादल्या ओतल्या तरी जात नसे. वास असा की घरातले माझ्यानंतर तासभर तिकडे फिरकत नसत. हे मी दोन महिने कोणाला सांगितलं नाही. कौसल्याने एकदा विचारलं, तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. जेवण झालं की पोट ढोलासारखं व्हायचं. जेवणानंतर तासाभराने पोटाच्या वरच्या भागात दुखायचं आणि कळ थेट पाठीत जायची. पुढे वाकून बसलं की बरं वाटायचं, म्हणून मी वाकून बसायला लागलो. वजन घटत गेलं, पट्ट्याला मी स्वतः खिळ्याने आतल्या बाजूला दोन नवी भोकं पाडली.

मग मंठ्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. जुने डॉक्टर आहेत, माणूस वाईट नाही. त्यांनी एका कागदावर पाच तपासण्या लिहिल्या. मी कागद हातात घेतला आणि सवयीप्रमाणे म्हणालो, डॉक्टरसाहेब, यातलं काय काय कमी करता?

ही माझी सवय आहे. मी वांग्याचा भाव करतो, पत्र्याचा करतो, लग्नात मंडपवाल्याशी खुर्च्यांच्या संख्येवरून भांडतो. वडिलांच्या मागे अकरा मेंढ्या घेऊन मी रानोमाळ फिरलो, तिथून आज माझी स्वतःची दावण आहे ती या सवयीमुळेच. पहिला आकडा कधी खरा नसतो, हे मी शिकलेलो. डॉक्टरांचा कागदही मला पहिल्या आकड्यासारखाच वाटला.

त्यांनी यादीकडे बघितलं. पाचवी तपासणी विष्ठेची होती. फीकल इलास्टेज. नमुना मुंबईला पाठवावा लागतो. मी म्हणालो, संडास इथून मुंबईला पाठवायची? लोक काय म्हणतील? डॉक्टर हसले. म्हणाले, "बरं, ही राहू द्या सध्या." आणि पेनाने त्यावर आडवी रेघ मारली.

मी खूश होऊन बाहेर आलो. पाचातली एक कमी केली. तीच एक तपासणी होती जिच्यात माझा आजार सापडला असता.

रक्तात अशक्तपणा निघाला. सोनोग्राफीत पोटात गॅस इतका होता की स्वादुपिंड दिसलंच नाही, तसं त्या कागदावर लिहिलेलंही होतं. ते मीही वाचलं नाही आणि डॉक्टरांनीही त्यावर काही म्हटलं नाही. ते म्हणाले, अंगात ताकद नाही, आहारात प्रोटीन वाढवा, महिन्याने या. मी महिन्याने गेलो नाही. त्याऐवजी सुधाकर सरांकडे गेलो.

सुधाकर सर आधी शिकवणी घ्यायचे. आता त्यांचं न्यूट्रिशन सेंटर आहे. सकाळी सातला खुर्च्या मांडतात, मोठ्या ग्लासात पावडर घुसळून देतात आणि दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करतात. वाढवणाऱ्याचं वाढलं आणि घटवणाऱ्याचं घटलं की टाळ्या. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझं भांडण डब्याशी नाही.

पहिले तीन आठवडे माझं वजन घटतच होतं. सर म्हणाले, शरीर आधी जुना कचरा काढतं. मग वजन थांबलं. मग वाढायला लागलं. पहिल्या सोमवारी टाळ्या वाजल्या तेव्हा खरं सांगतो, माझ्या डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं होतं मी मरतोय.

पुढे चपला घट्ट झाल्या. मोज्याची रेघ नडगीवर संध्याकाळपर्यंत राहायची. मी सरांना पाय दाखवले. ते वाकून बघत म्हणाले, "पोटऱ्या भरून राह्यल्यात भाऊ. प्रोटीन पहिल्यांदा पायातच उतरतं." सेंटरमधल्या एकाने विचारलं, मंग दंडात कधी उतरणार? सर म्हणाले, सबुरी ठेवा. सगळे हसले. मीही हसलो.

माझं पोट मात्र आणखी बिघडत होतं. जितकं प्रोटीन जास्त, तितका गॅस जास्त, तितक्या फेऱ्या जास्त. ते मी सरांना सांगितलं नाही. शेळ्यांच्या बाजारात माझ्या शब्दाला वजन आहे. टाळ्या वाजवणाऱ्या माणसांपुढे संडासचं काय बोलायचं? उलट मी बाजारात सेंटरचं कौतुक करत फिरलो. माझं बघून ओळखीचे सात जण तिथे जायला लागले.

हे सगळं मोडलं ते गफूरभाईंनी. गफूरभाई म्हणजे माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे व्यापारी. आमच्याकडे जनावराचा भाव चारचौघांत बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. एक बोट, दोन बोटं, अर्धं बोट. वीस वर्षं आम्ही असे सौदे करतोय. त्यांची बोटं मला अंधारातही ओळखू येतील.

त्या दिवशी बोकडांचा सौदा चालू होता. रुमालाखाली त्यांनी माझी तीन बोटं धरली आणि तशीच धरून ठेवली. आकडा पुढे सरकेना. मला वाटलं म्हातारा डाव टाकतोय. मग त्यांनी रुमाल बाजूला काढला. भरल्या बाजारात असं कोणी करत नाही. माझा हात उलटा करून त्यांनी अंगठ्याखालचा मांसल भाग बघितला. तिथे खळगा पडला होता. मग माझ्या पायांकडे बघितलं.

"भानुदास, ऊपर से सूखा बकरा और नीचे से हत्ती? बोटात तर हड्डीच लागून राह्यली तुझ्या."

मी म्हणालो, वजन वाढलंय, काट्यावर बघा.

"काट्यावर तर पानी पिलाया हुआ जानवर भी बढता है," ते म्हणाले. "सौदा बाद में. आधी जालन्याला जा. नहीं गया तो मी तुझ्याशी सौदा करनार न्हाई, बिलकुल न्हाई."

मी त्यांना नको ते बोललो. बोकडं तशीच सोडून घरी आलो आणि दार लावून बसलो. सांजेला कौसल्याने एवढंच विचारलं, "आवो, उद्याच्या गाडीनं जायचं का? जालन्यात मस्तगडला माझ्या भावाकडं उतरू." म्हणजे गफूरभाईंचा निरोप माझ्याआधी तिच्यापर्यंत पोहोचला होता.

तिथून आम्ही त्या मॅडमसमोर येऊन बसलो.

मॅडमनी पहिला प्रश्न दारूचा विचारला. मी म्हणालो, थेंब नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो. कौसल्याने माझं मनगट धरलं आणि मॅडमला म्हणाली, "दारू न्हाई मॅडम. तंबाखू हाय. अन् राग हाय." मॅडमनी तंबाखू लिहून घेतला. दुसरं लिहिलं की नाही, मला दिसलं नाही.

मग त्यांनी सगळं विचारलं. रंग, वास, तरंगते का, किती वेळा, तेल दिसतं का. त्या इतक्या साधेपणाने विचारत होत्या की मीही साधेपणाने सांगत गेलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणाला तरी सगळं सांगितलं. मॅडमनी कागदावर चार तपासण्या लिहिल्या. शेवटची तीच, फीकल इलास्टेज. मी तोंड उघडलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "लिहिलंय ते लागणार आहे. कमी करायचं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा."

माझ्या मुलीच्या वयाची बाई. मी तोंड मिटलं.

त्याच दुपारी सीटी स्कॅन झाला. हातात सुई, पोट रिकामं, गोल यंत्रातून आत-बाहेर. औषध सोडल्यावर अंगभर ऊब पसरते आणि कपड्यात लघवी झाल्यासारखं वाटतं. तसं काही होत नाही, घाबरू नका. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. तपासणाऱ्या माणसाला मी विचारलं, काय दिसलं? तो म्हणाला, डॉक्टर सांगतील. मी त्याच्या चेहऱ्यावरून भाव काढायचा प्रयत्न केला. समोरच्याच्या चेहऱ्यावरून मी किती काढलंय आयुष्यात. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि काही नाही म्हणजे वाईट, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी बाकावर अडीच तास बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे. त्यांच्या सुनेने कौसल्याला हळूच सांगितलं, स्वादुपिंडात गाठ आहे, आधी वजनच गेलं होतं बघा. मला ते ऐकू आलं. वजन माझंही गेलं होतं. पाठीत कळ मलाही होती. मी उठून आरशात डोळे बघून आलो. परत येऊन बसलो. पुन्हा उठलो. तिसऱ्या वेळी कौसल्या म्हणाली, "बसा आता. सारखं बघून डोळे पिवळे व्हतील."

मनात मी हिशेब लावत होतो: दावणीतली जनावरं कोण बघणार, मुलीच्या सासरी कोण कळवणार. कौसल्याला भाव करता येत नाही, तिला लोक लुटतील. हाच विचार पुन्हा पुन्हा येत होता. मरण्यापेक्षा तिला कोणीतरी फसवेल याचीच मला जास्त भीती वाटत होती.

आत गेल्यावर मॅडमनी आधीच सांगितलं, "गाठ नाही." मग खुर्ची जवळ ओढून घेतली.

आजाराचं नाव क्रॉनिक पॅन्क्रिआटायटिस. म्हणजे स्वादुपिंडाची जुनी, हळूहळू वाढत गेलेली सूज. पिंड आक्रसलं होतं आणि त्याच्या नळीत खडे झाले होते. त्यामुळे जे झालं त्याचं नाव एक्सोक्राइन पॅन्क्रिआटिक इन्सफिशियन्सी. म्हणजे पचनाचे रस आतड्यात पोहोचत नाहीत. मला ही नावं कळली नाहीत. मग त्यांनी कागद उलटा केला आणि विचारलं, एमआयडीसीत सळईचे कारखाने बघितलेत का?

बघितलेत म्हणालो. जालन्याला आलो की तिथूनच जातो.

"तिथं भंगार येतं. अख्खा ट्रक भट्टीत टाकतात का?"

नाही. आधी कापतात.

त्या म्हणाल्या, तसंच आहे. अंडं, डाळ, मटण यातलं प्रोटीन म्हणजे भंगाराचा ट्रक. लांबलचक साखळ्या, एकमेकांत गुंतलेल्या. त्या अख्ख्या रक्तात जात नाहीत. पोटात आम्ल असतं, ते गुंता सोडवतं. तिथेच पेप्सिन नावाचं एन्झाइम असतं. एन्झाइम म्हणजे कातर समजा. पेप्सिन मोठे मोठे तुकडे करतं. पण खरं काम पुढे, लहान आतड्यात. स्वादुपिंड तिथे ट्रिप्सिन पाठवतं, आणि त्याच्यासोबत आणखी तशाच काही कातरी. त्या तुकड्यांचे बारीक तुकडे करतात. शेवटची कापणी आतड्याच्या अस्तरावर होते. मग सुटी कडी राहते, तिला अमिनो अॅसिड म्हणतात. ती रक्तात जाते. त्या कड्यांपासून शरीर स्वतःचं मांस, स्वतःचं अल्ब्युमिन नव्याने बनवतं, जुन्या लोखंडाची नवी सळई करावी तसं.

"तुमचे कापणारे कामगार निघून गेले, काका. आणि तुम्ही फाटकावर ट्रकमागून ट्रक पाठवत होतात. पावडरचे, अंड्यांचे. न कापलेला माल आत पडून सडला. तोच तुमचा गॅस, तोच वास. तेलाचंही तसंच, ते कापणारी कातरही तिथूनच येते."

मी विचारलं, मग ती कातर स्वादुपिंडालाच का कापत नाही? तेही मांसच आहे.

मॅडमनी माझ्याकडे जरा वेगळं बघितलं. म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे. पिंड ती कातर मिटवून, कुलूप लावून पाठवतं. तेव्हा तिचं नाव ट्रिप्सिनोजेन. आतड्यात पोहोचल्यावर तिथलं दुसरं एन्झाइम कुलूप उघडतं. कधी कधी कुलूप वाटेतच, पिंडाच्या आतच उघडतं. मग पिंड स्वतःलाच पचवायला लागतं. तुमच्यात तसं थोडं थोडं, बरीच वर्षं चाललं असणार. नेमकं कारण प्रत्येकात सापडत नाही. तंबाखूने भर पडते, तेवढं नक्की.

मी जनावरं चिरताना बघितलीत. जठराच्या मागे तो फिकट, मऊ पट्टा असतो, खाटीक तो बाजूला काढतो. त्याच्यावाचून अख्खं जनावर उपाशी मरेल हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

उपचार म्हणजे कॅप्सूल. त्यात तेच एन्झाइम बाहेरून देतात. मॅडमनी लिहायच्या आधी सांगितलं, "हे डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. मी प्रत्येकाला आधी सांगते. चालेल का?" मी कौसल्याकडे बघितलं. ती देवधर्माची बाई आहे. ती म्हणाली, "त्या जनावराला बिचाऱ्याला कोणी इचारलं का, चालेल का म्हणून?" मग म्हणाली, लिहा. मुंबईचा विष्ठेचा रिपोर्टही चार दिवसांनी आला. आकडा इतका खाली होता की मॅडमनी तो नुसता बोटाने दाखवला.

इथेही मी चुका केल्या. त्या लिहितो म्हणजे तुम्ही करणार नाही. दोन कॅप्सूल जेवणासोबत, एक नाश्त्यासोबत असं सांगितलं होतं. सोबत म्हणजे पहिल्या घासाला एक आणि मध्यावर एक. मी आयुष्यभर गोळी जेवण झाल्यावर घेतली आहे, म्हणून हात धुऊन दोन्ही एकदम घेत होतो. माल पुढे गेला आणि कापणारे मागून आले. शिवाय आठवड्याने मी स्वतःच ठरवलं, एकाने भागतंय का बघू. डॉक्टरांशी सौदा जमला नाही, म्हणून पोटाशी करायला गेलो. तिसऱ्या दिवशी तेल परत तरंगायला लागलं. कॅप्सूल चावायची नाही, फोडायची नाही. वरचं आवरण तिला पोटाच्या आम्लातून वाचवतं. आणि उन्हात, गाडीत ठेवायची नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती निकामी होते.

नीट घ्यायला लागलो आणि वजन घटायला लागलं. मी हादरलो. दहा दिवसांत पाच किलो. मॅडमना फोन केला, आवाज चढला होता माझा. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी जातंय. जाऊ द्या. पायाकडे बघा, काट्याकडे नको." चपला सैल झाल्या. नडगीचं हाड दिसायला लागलं. ते हाड बघून मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. दीड महिन्याने वजन परत वाढायला लागलं, हळूहळू, आणि यावेळी अंगठ्याखालचा खळगा भरत होता.

आजार गेलेला नाही. कॅप्सूल आयुष्यभर आहे. तंबाखू सुटला, पण पिंड परत येणार नाही. दर तीन महिन्यांनी साखर बघावी लागते, कारण इन्शुलिन बनवणारा भागही तिथेच असतो. त्या पिवळ्या डोळ्यांच्या गृहस्थांचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही. गफूरभाईंचे पाय धरायला गेलो होतो. त्यांनी शिव्या घातल्या आणि बोकडांचा सौदा पुढे चालू केला, जिथे थांबला होता तिथूनच. ज्या जनावराचं पिंड मी रोज गिळतो, त्याचेही माझ्यावर उपकार आहेत. जनावरांबद्दल मी आधी असा विचार करत नव्हतो.

मंठ्याच्या डॉक्टरांनाही जाऊन विचारलं. म्हणालो, मी भाव केला हे खरं, पण तुम्ही उतरलात का? ते टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "चुकलं माझं." तिथे माझा राग संपला. चूक कबूल करणाऱ्याशी मला भांडता येत नाही.

सुधाकर सरांचं तसं झालं नाही. त्यांच्याकडे गेलो तेव्हा सकाळचे लोक बसले होते. भिंतीवर माझा मोठा फोटो लावलेला होता, हसणारा, सुजलेला. खाली लिहिलं होतं, पाच महिन्यांत नऊ किलो. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला. सरांनी वाचला. म्हणाले, "भाऊ, वजन काट्यानं सांगितलं, मी न्हाई. तुमी पोटाचं मला सांगितलं होतं का?"

नव्हतं सांगितलं. ते मी कबूल केलं.

"अन् तुमी तर जनावराचे जाणकार. तुमाला स्वतःचं कळलं न्हाई, मंग मला मास्तर माणसाला कसं कळावं?"

त्या वाक्याने मला अजून रात्री जाग येते. पण मी तो फोटो काढायला सांगितला, तेव्हा सर म्हणाले, फोटो राहू द्या, लोकांना हुरूप येतो.

म्हणून हे लिहितोय. सर, मी मूर्ख ठरलो, हे मी भरबाजारात सांगायला तयार आहे. माझ्या शब्दावर तुमच्याकडे आलेल्या सातही जणांच्या घरी मी स्वतः गेलो. सहा धडधाकट आहेत. सातवी आमच्या गल्लीतली विधवा बाई. तिचा चेहरा सुजला होता आणि जिना चढताना धाप लागत होती. तुमच्या वहीत तिचं वजन चार किलोंनी वाढलेलं आहे. तिला मी सरकारी दवाखान्यात नेलं. तिचं मूत्रपिंड बिघडलंय. तिला प्रोटीन कमी खायचं होतं आणि तुम्ही तिला दोन वेळा ग्लास भरून पाजत होतात.

तिलाही कळलं नाही म्हणाल. तिच्यासाठीही टाळ्या वाजल्या होत्या. सर, तुम्ही डॉक्टर नाही, हे मला मान्य आहे. मग सूज दाखवणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे जा म्हणायच्या ऐवजी पोटऱ्या भरल्या म्हणालात, ते कोणत्या अधिकाराने? रिपोर्ट वाचल्यानंतरही फोटो भिंतीवर ठेवलात, तो कोणासाठी? बाजाराच्या दिवशी मी तिला घेऊन तुमच्या दारात येतोय. तिच्याकडे बघून उत्तर द्या.